उमलणे आणि फुलावर येणे : बागेतील फुलांच्या वेळा व त्यांचे मराठी शब्द

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवती फुलांची जी लहानमोठी दुकाने आहेत, तेथे भाद्रपदाच्या अखेरीस एके सकाळी प्रस्तुत लेखक फुले घेण्यासाठी उभा होता. शेजारच्या एका गृहिणीने दुकानातील वृद्ध बाईंना विचारले, “मावशी, ही गुलछडी अशी बंद का? आणि शेवंती कुठं आहे?” बाईंनी उत्तर दिले, “गुलछडी मुकी हाय, सांजच्याला उमलंल. शेवंतीनं अजून कळीच धरली न्हाई.” एका श्वासात उच्चारलेली ही दोन वाक्ये. पहिल्यात काही तासांचा प्रश्न आहे, दुसऱ्यात काही आठवड्यांचा. आणि दोहोंसाठी त्या बाईंनी दोन वेगळी क्रियापदे योजली.

या संभाषणाचे स्मरण होण्यास पुढे एक निमित्त घडले. वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या एका सहकाऱ्यांनी मराठी पाठ्यपुस्तकाचे हस्तलिखित भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी आणून दिले. त्यात एक वाक्य होते : शेवंती लहान दिवसांत फुलते व गुलबक्षी सायंकाळी फुलते. वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. परंतु ते वाचणारा विद्यार्थी असे समजेल, की या दोन्ही घटना एकाच जातीच्या आहेत आणि दोहोंचे कारणही एकच असावे. वस्तुतः तसे नाही. वनस्पतिशास्त्र गेल्या तीन शतकांच्या अभ्यासानंतर या दोन घटनांना भिन्न मानते. आणि देवळाजवळच्या बाईंची मराठीही त्यांना भिन्न मानते. मध्ये जे काही हरवले, ते आपल्या ग्रंथभाषेत हरवले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू फुलांच्या वेळांमागील कारणे सांगण्याचा आहे. ती सांगताना शब्दांचा आधार घेतला आहे, कारण लेखकाचा विषय तो आहे.

प्रथम क्रियापदे पाहू. ‘उमलणे’ हे संस्कृत ‘उन्मीलन’ या शब्दाच्या कुळातील आहे. उन्मीलन म्हणजे मुळात डोळा उघडणे. त्याच्या विरुद्ध क्रियेला आपण ‘मिटणे’ म्हणतो, आणि डोळाही मिटतो, कमळही मिटते. ‘उमलणे’ या क्रियापदाचा कर्ता नेहमी एकेक कळी किंवा फूल असते. ‘झाड उमलले’ असे कोणी म्हणत नाही. याच्या उलट ‘बहरणे’, ‘मोहोरणे’, ‘फुलावर येणे’ यांचा कर्ता झाड, वेल किंवा सबंध बाग असते. ‘आंबा मोहोरला’, ‘जुई बहरली’ हे सहज वाटते, पण ‘हे एक फूल बहरले’ हे कानाला खटकते. काळवाचक शब्दांचीही अशीच वाटणी आहे. उमलण्याला प्रहर लागतो, बहरण्याला महिना किंवा नक्षत्र लागते. ‘जुई संध्याकाळी साडेसहाला बहरली’ हे वाक्य मराठी नव्हे. ‘फुलणे’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालते, आणि म्हणूनच शास्त्रीय लेखनात ते घोटाळा करते.

प्राजक्तावरून हा भेद चटकन ध्यानी येतो. प्राजक्त श्रावणाच्या सुमारास फुलावर येतो व कार्तिकापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, फुलत राहतो. ही झाली झाडाची गोष्ट. त्याचे एकेक फूल मात्र अंधार पडताना उमलते आणि पहाटे गळून पडते. एकाच झाडात दोन घड्याळे चालू आहेत : एक वर्षाचे, दुसरे दिवसाचे.

दिवसाच्या घड्याळाविषयी लोकभाषेने फार बारीक निरीक्षण केलेले आहे. भर दुपारी उमलणाऱ्या तांबड्या फुलाला मराठीत ‘दुपारी’ असेच नाव आहे. हिंदीत तेच ‘दुपहरिया’ होते, आणि संस्कृतातील त्याचे ‘बन्धूक’ व ‘बन्धुजीव’ हे शब्द काव्यांमुळे परिचित आहेत. गुलबक्षीचे फूल दिवस कलताना उमलते व दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. मराठी नावात ही वेळ आलेली नाही. पण आपल्या शेजारच्या कन्नडात तिला ‘संजे मल्लिगे’, म्हणजे सांजमोगरा म्हणतात, बंगालीत ‘संध्यामालती’, आणि मल्याळमात तर ‘नालुमणिप्पूवु’, म्हणजे चार वाजताचे फूल. इंग्रजीतही तिच्या नावात चारच वाजतात. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. ती आल्यावर प्रत्येक भाषेने तिला आपापल्या परीने नाव दिले, आणि बहुतेकांचे लक्ष तिच्या रंगापेक्षा वेळेकडे गेले.

याहून गंमतीचे उदाहरण कुंड्यांत व बांधांवर लावल्या जाणाऱ्या, जाड पानांच्या त्या लहानशा रंगीबेरंगी फुलांचे आहे, ज्यांना आपल्याकडे घरोघरी ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. सकाळी ऊन चढू लागले की ती उघडतात व दुपारनंतर मिटतात. ‘ऑफिस टाइम’ हे नाव घड्याळाच्या दहा वाजण्याशी बांधलेल्या समाजाने दिले आहे हे उघड आहे; शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने ते दिले नसते. मल्याळमात त्याला ‘पत्तुमणि’ म्हणजे दहाचे फूल म्हणतात, तर हिंदीत ‘नौ बजिया’. उत्तरेत नऊ आणि दक्षिणेत दहा का, हा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. पण एका तासावरून सिद्धांत उभा करणे बरे नव्हे, कारण हे फूल उन्हाप्रमाणे आपली वेळ पुढेमागे करते. आषाढात कोल्हापुरात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा ते अनेकदा मिटलेलेच राहते. कचेरी उघडी आणि ‘ऑफिस टाइम’ रजेवर, असा तो प्रकार असतो.

स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५१ साली फुलांच्या उघडण्यामिटण्याच्या वेळांची एक मांडणी प्रसिद्ध केली. तिला ‘फुलांचे घड्याळ’ म्हणतात. तिच्यापेक्षा महत्त्वाचे आहे त्याने केलेले वर्गीकरण. काही फुले हवेप्रमाणे वेळ बदलतात. काही दिवस लहानमोठा होईल तशी वेळ बदलतात. आणि काही ठरलेल्या तासाला उघडतात व ठरलेल्या तासाला मिटतात. ‘ऑफिस टाइम’ स्पष्टपणे पहिल्या वर्गातले. गुलबक्षीही काहीशी त्याच बाजूची. ढगाळ दिवशी ती लवकर उमललेली दिसते.

परंतु ही फुले बाहेरच्या उजेडाकडे पाहूनच वेळ ठरवतात काय? या प्रश्नाचे पहिले उत्तर लिनियसच्याही आधी, १७२९ साली, फ्रान्समधील द मेराँ या ज्योतिर्विदाने मिळवले होते, आणि तेही फुलावरून नव्हे, तर पानांवरून. लाजाळूसारख्या एका वनस्पतीची पाने दिवसा पसरतात व रात्री मिटतात. द मेराँने ते रोप अंधारात ठेवले. पाने तरीही दिवसा पसरत व रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळेचे भान रोपाच्या आतच होते; बाहेरचा प्रकाश त्या आतल्या घड्याळाचे काटे केवळ जुळवून देतो. सुमारे चोवीस तासांचे हे आवर्तन पेशीतील काही जनुकांच्या परस्पर-नियंत्रणातून चालते हे पुढे उलगडले. माशीतील अशा घड्याळाच्या संशोधनासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. वनस्पतींतील जनुके निराळी आहेत, पण यंत्रणेची जात तीच आहे. पाकळीच्या बाबतीत प्रत्यक्ष घडते ते साधे आहे. आतल्या बाजूच्या पेशी बाहेरच्या बाजूच्या पेशींहून अधिक फुगल्या वा वाढल्या की पाकळी बाहेर वळते व फूल उमलते. उलट झाले की ते मिटते. हे केव्हा घडावे हे आतले घड्याळ, प्रकाश, उष्णता आणि हवेतील ओलावा मिळून ठरवतात.

हे घड्याळ सूर्याचे आहे, आपल्या भिंतीवरचे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालते. कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा कोल्हापूरच्या आकाशातील माध्यान्हाला सरासरीने ३३ मिनिटे अवकाश असतो. ‘दुपारी’ उशिरा उमलते अशी तक्रार करण्यापूर्वी हा हिशेब करावा.

संस्कृत काव्यपरंपरेने मात्र येथे आपली थोडी दिशाभूल केली आहे. कमळाला ‘सूर्यविकासी’ व रात्रीच्या कुमुदाला ‘चंद्रविकासी’ म्हणण्याचा प्रघात मराठीत रूढ आहे. कुमुद चंद्राने उमलत नाही. ते सायंकाळी उमलते आणि अमावास्येलाही उमलते. पौर्णिमेला आपले लक्ष जाते एवढेच. कमळाचे ‘सूर्यविकासी’ हे विशेषणही अर्धेच खरे. त्याचे फूल पहाटे उघडते, पण पहिल्या दिवसांत माध्यान्हाच्या सुमारास, म्हणजे सूर्य सर्वांत प्रखर असताना, पुन्हा मिटते. ‘प्रातर्विकासी’ व ‘सायंविकासी’ हे शब्द अधिक नेमके झाले असते. अर्थात कवींकडून पाठ्यपुस्तकाची अपेक्षा धरणे हाही अन्यायच.

रात्रीच्या फुलांची नावे नव्या पाहुण्यांना कशी मिळाली हे पाहण्यासारखे आहे. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तो सोळाव्या शतकापूर्वी भारतात असणे शक्य नाही. पण नाव मात्र संस्कृत वळणाचे, त्यातही सप्तमी विभक्ती समासात टिकवून ठेवणारे. ‘सरसिज’, ‘मनसिज’ यांच्या पंक्तीला ‘निशिगंध’ जाऊन बसला. बाजार त्याला ‘गुलछडी’ म्हणतो, घरातले पुस्तकी मराठी ‘निशिगंध’. आषाढ-श्रावणातील एखाद्या रात्री ज्याच्या उमलण्यासाठी शेजारीपाजारी जमतात, ते आपल्या अंगणातील ‘ब्रह्मकमळ’ हे मध्य अमेरिकेकडील एक निवडुंग आहे. हिमालयातील ब्रह्मकमळाशी त्याचे काहीही नाते नाही. रात्री नऊ-दहाच्या सुमारास उघडून पहाटेपर्यंत कोमेजणे, एवढ्या एका गुणावर त्याला हे नाव आणि पूजा दोन्ही लाभली.

आता वर्षाच्या घड्याळाकडे वळू. झाड फुलावर कधी यावे हे कशावरून ठरते? जुना समज असा, की ते उष्णतेवरून किंवा झाडाच्या वयावरून ठरते. हा समज काही प्रमाणात खरा आहे. परंतु एक महत्त्वाचे कारण १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अॅलर्ड यांनी दाखवून दिले, तेही तंबाखूच्या पिकावरून. निपाणीच्या तंबाखूशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना हे ठाऊक आहे, की पान जाड व्हावे म्हणून तंबाखूला फूल येऊ देत नाहीत, शेंडा खुडतात. गार्नर व अॅलर्ड यांची अडचण उलट होती. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची त्यांची एक जात उन्हाळाभर माणसाच्या उंचीच्या वर वाढत जाई, पण फुलावर येत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र तिला फुले येत. त्यांनी ऐन उन्हाळ्यात ती रोपे रोज दुपारी अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, म्हणजे रोपांपुरता दिवस लहान केला. रोपे फुलावर आली. उष्णता तीच होती. दिवसाची लांबी तेवढी बदलली होती.

पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी काटेरी फळांच्या एका रानटी रोपावर प्रयोग करून असे दाखवले, की वनस्पती मोजते ती दिवसाची लांबी नसून अखंड रात्रीची लांबी होय. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही. रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे उजेड पाडला तर मात्र त्या रोपाच्या लेखी ती रात्र लांब राहत नाही. हा उजेड टिपणारे रंगद्रव्य पानात असते. त्याला ‘फायटोक्रोम’ हे नाव मिळाले व १९५९ मध्ये त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. तांबडा प्रकाश त्याला एका रूपात नेतो, त्याहून लांब लहरींचा अतिरक्त प्रकाश पुन्हा पहिल्या रूपात आणतो.

बागेतील फुलांत या नियमाचे उत्तम उदाहरण म्हणजे शेवंती. रात्र एका विशिष्ट मर्यादेपेक्षा लांब झाली म्हणजे ती कळी धरते. ही मर्यादा शेवंतीच्या प्रकाराप्रकाराने भिन्न असते, आणि फार उष्णता असेल तर कळी धरण्यास विलंब होतो. येथे एक शंका येईल. लिनियसच्या उप्साला गावी उन्हाळ्याचा दिवस १८ तासांहून मोठा व हिवाळ्याचा सहा तासांहून लहान. तेथील झाडांना हा फरक कळावा यात नवल नाही. कोल्हापूर पावणेसतरा अंश अक्षांशावर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा व सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा. अवघा दोन तासांचा फरक सहा महिन्यांत पसरलेला. पण उष्ण कटिबंधातील कित्येक वनस्पतींना पंधरा-वीस मिनिटांचा फरकही कळतो, असे प्रयोगांती दिसून आले आहे. आपल्याला दिवस लहान झाल्याचे मार्गशीर्षात जाणवते. शेवंतीला ते पुष्कळ आधी जाणवलेले असते.

याचा एक घरगुती अनुभव नमूद करण्यास हरकत नसावी. आमच्या घरी एकाच झाडाच्या काश्या दोन कुंड्यांत लावल्या होत्या. एक कुंडी परसात विहिरीच्या कठड्यापाशी, दुसरी दर्शनी ओट्यावर. खत, माती, पाणी एकच. दिवाळी झाल्यावर परसातली शेवंती कळ्यांनी भरली आणि ओट्यावरची नुसती पानांनी माजत राहिली. आईचे मत असे पडले, की येणाऱ्याजाणाऱ्यांची दृष्ट लागली. दृष्ट लागली होती खरी, पण ती रस्त्यावरील दिव्याची. त्या वर्षी ओट्यासमोर नवा, लख्ख पांढरा दिवा बसवण्यात आला होता आणि तो रात्रभर जळत होता. त्या कुंडीच्या लेखी रात्र उगवतच नव्हती. कार्तिकाच्या अखेरीस कुंडी परसात नेली. रथसप्तमीच्या सुमारास तीही फुलली. शेवंतीला लांब रात्री लाभू लागल्यापासून फूल उमलेपर्यंत जातीप्रमाणे दोन ते तीन महिने लागतात, तेव्हा हा हिशेब जुळतो.

हरितगृहातील फुलशेती, जी शिरोळ तालुक्यात आता अपरिचित नाही, याच तत्त्वावर शेवंतीला वाटेल तेव्हा फुलवते. रोप पुरेसे वाढेपर्यंत मध्यरात्री दिवे लावतात, म्हणजे कळी धरत नाही. नंतर दिवे बंद करतात, आणि दिवस मोठे असतील तर संध्याकाळी काळे कापड ओढतात.

पानाने मोजलेली रात्र शेंड्याला कशी कळते, हाही प्रश्न शेवंतीवरच सोडवला गेला. रशियातील चायलाख्यान याने १९३०–४० या दशकात शेवंतीच्या शेंड्याकडची पाने काढून टाकली, खालच्या पानांना लहान दिवस दिले आणि शेंड्याला मोठे. शेंड्याला फुले आली. पानातून वर जाणारा काही निरोप असला पाहिजे असे अनुमान करून त्याने त्या अज्ञात द्रव्याला १९३७ मध्ये ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. ते द्रव्य सापडण्यास सत्तर वर्षे लागली. पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत प्रवास करणारे ते एक लहान प्रथिन आहे हे २००७ मध्ये दाखवण्यात आले.

सर्वच फुले अशी रात्र मोजत नाहीत. सदाफुलीच्या नावातच तिचा स्वभाव आला आहे. गुलाबही दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाही. त्याला हवी असते छाटणी, आणि पावसाळा संपताच ऑक्टोबरात छाटला की दीडेक महिन्यात नव्या फुटीवर फुले येतात.

मोगऱ्याची गोष्ट निराळी व अधिक रंजक आहे. मोगरा उन्हाळ्याचे फूल. पण मळेकरी त्याची तयारी हिवाळ्यात करतो. तो पाणी तोडतो. याला मराठीत ‘ताण देणे’ म्हणतात. पाण्यावाचून वाढ थांबते, पाने गळतात. मग छाटणी करून, खत घालून पुन्हा पाणी सोडले की नवी फूट येते आणि तिच्याबरोबर कळ्या. ‘ताण’ हा शब्द आपण आता मनाच्या संदर्भात इतका वापरतो, की त्याचा मळ्यातील अर्थ शहरी वाचकाला सांगावा लागतो. पण तो जुना, नेमका आणि कोणत्याही पारिभाषिक कोशात घ्यावा असा आहे. फळबागांत हेच तंत्र ‘बहर धरणे’ या नावाने चालते. ‘बहर’ हा शब्द फारसी ‘बहार’ म्हणजे वसंत. फारसीत तो ऋतू होता. मराठीत तो झाडाचे कर्तृत्व झाला, आणि मग वर्षातून तीन वसंत शक्य झाले : मृग बहर, हस्त बहर आणि आंबे बहर. यांतील मृग व हस्त ही सूर्यनक्षत्रे आहेत. सूर्य मृगात जूनच्या ७-८ तारखेस प्रवेश करतो व हस्तात सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, आणि हे वर्षानुवर्षे बदलत नाही. आंबे बहर मात्र नक्षत्रावरून नव्हे, आंब्याच्या मोहोरावरून ओळखला जातो. येथे एक झाडच दुसऱ्या झाडाचे पंचांग झाले आहे.

शेतकऱ्याची ही सौर गणना आणि आपल्या सणांची चांद्र गणना यांचा जेथे संबंध येतो, तेथे फुलांच्या वेळेचा प्रश्न पोटाचा प्रश्न होतो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे. ते दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी घेते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला होता, आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. तीन वर्षांत बावीस दिवसांचे अंतर. जुन्या सणांना याचा जाच नव्हता. भाद्रपदात गौरी म्हणून जो तेरडा आणतात, तो माळावर ऑगस्टपासून पुढे कित्येक आठवडे फुललेला असतो. गौरी महिन्याच्या सुरुवातीला येवोत की अखेरीस, तेरडा असतोच. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण फुलाविषयी आहे, बहराविषयी नव्हे. तेथेही आपल्या भाषेने दोन घड्याळांची गल्लत केलेली नाही.

झेंडूचे तसे नाही. तो अमेरिका खंडातून आलेला, आणि दसऱ्याच्या तोरणात आज तोच प्रमुख. शेतात तो मुद्दाम त्या एका दिवसासाठी लावला जातो. पुनर्लागणीपासून तोडा सुरू होण्यास सुमारे दोन महिने लागतात, म्हणजे २०२५ च्या दसऱ्यासाठी रोपे जुलैच्या अखेरीस शेतात हवी होती, तर २०२३ साठी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. शिवाय झेंडूही लांब रात्रींना थोडाफार प्रतिसाद देतो, त्यामुळे उशिराची लागण काहीशी लवकर फुलावर येऊ पाहते, आणि लवकरची लागण ऐन पावसात सापडते. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात पण फूल पुढे जाते. ज्याचा अंदाज आठ दिवसांनी चुकला, त्याचा झेंडू दसऱ्यानंतर फुलतो, आणि दिवाळीपर्यंत थांबण्याइतके त्या फुलाचे आयुष्य नसते. फुलाने तिथी पाळावी ही अपेक्षाच मुळात सूर्याच्या गणनेतील वस्तूला चंद्राच्या गणनेत बसवण्याची आहे. ते काम शेतकरी दरवर्षी नव्याने करतो, आणि आपण तोरणाचा भाव ऐकून कुरकुर करतो.

परिभाषेच्या दृष्टीने यातून काय घ्यावे, याविषयी थोडे. दिवसाच्या लांबीसाठी नवा शब्द घडवण्याची खरोखर गरज नाही. आपल्या पंचांगांत ‘दिनमान’ हा शब्द याच काटेकोर अर्थाने छापला जातो. ज्योतिषाच्या नादाने त्याला नशिबाचा अर्थ चिकटला तो नंतरचा. त्याचा जोडीदार ‘रात्रिमान’ही तयार आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे शेवंतीला तोच अधिक लागू पडतो. एकेका फुलाच्या क्रियेसाठी ‘उमलणे–मिटणे’, सबंध झाडाच्या क्रियेसाठी ‘कळी धरणे’ व ‘फुलावर येणे’, पाणी तोडून फुलावर आणण्यासाठी ‘ताण देणे’ : हे शब्द वापरले तर सहकाऱ्यांचे ते वाक्य असे लिहिता येते, की रात्रिमान वाढले म्हणजे शेवंती कळी धरते, आणि गुलबक्षीचे फूल सायंकाळी उमलते. त्यांनी ते स्वीकारले. ‘कळी धरणे’ हा प्रयोग परीक्षकांना ग्रामीण वाटेल अशी शंका तेवढी त्यांनी बोलून दाखवली.

या शब्दांचा संग्रह विभागात सुरू केला आहे. आपल्या परिसरातील फूल, त्याचे स्थानिक नाव, कळी धरल्याची व पहिले फूल उमलल्याची तारीख, उमलण्याचा तास, आणि त्या प्रत्येक घटनेला घरात वा मळ्यात प्रत्यक्ष वापरला जाणारा शब्द, अशी नोंद वाचकांनी कळवल्यास ती उपयोगी पडेल. कागल, चंदगड व सीमेपलीकडील निपाणी-संकेश्वर भागांतील नोंदी विशेष हव्या आहेत, कारण तेथे एकाच अंगणात मराठी व कन्नड अशी दोन्ही नावे ऐकू येतात. तारीख लिहिताना तिथीबरोबर इंग्रजी दिनांकही अवश्य द्यावा.